धर्म शिकून पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघर एकच प्रश्न फिरतो : "याला स्कोप आहे का?" इंजिनीअरिंगला आहे, सीएला आहे, हल्ली म्हणे डेटा सायन्सला फारच आहे. आता समजा, घाटकोपरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या एखाद्या मुलीने जाहीर केलं, की मला धर्म शिकायचाय. पूजा सांगायला नाही, दीक्षा घ्यायला नाही, कीर्तनाला तर नाहीच नाही. नीट विद्यापीठात जाऊन, पुस्तकं वाचून, परीक्षा देऊन. तर काय होईल? आई आधी कपाळाला हात लावून ताप बघेल, आणि बाबा तोच प्रश्न विचारतील. स्कोप काय?

बाबांचं चुकत नाही हो. प्रश्न रास्त आहे. फक्त तो नवा नाही, एवढंच. बोरिवली ते अंधेरी आणि विद्याविहार या पट्ट्यात तो जवळजवळ दोन हजार वर्षं विचारला जातोय, आणि त्याची उत्तरं दगडात कोरलेली सापडतात. हा इतिहास वाचताना मला एक साधा नियम दिसायला लागला : धर्म शिकवायचा खर्च कोण करतंय ते बघा, म्हणजे शिकणाऱ्याची पुढची नोकरी आपोआप कळते. अधूनमधून एखादाच माणूस हा नियम मोडतो. तो कसा मोडतो, हे सांगण्यासाठी आजचा लेख.

सुरुवात अर्थातच कान्हेरीपासून. नॅशनल पार्कात आपण सहलीला जातो, माकडांना चुकवत वर चढतो, चैत्यात एक फोटो काढतो आणि खाली येऊन काकडी खातो. पण ही शंभराहून जास्त लेणी म्हणजे नुसती देवळं नव्हेत. तिथे भिक्षू राहायचे, शिकायचे, शिकवायचे. खोल्या आहेत, बसायचे ओटे आहेत, प्रत्येक लेण्याजवळ पाण्याची पोढी आहे. अगदी होस्टेलच म्हणा ना. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांपासून ते दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत हे चालू होतं. हजार वर्षं टिकलेली शिक्षणसंस्था मुंबईत दुसरी दाखवा!

ती टिकली कशावर? तर दानावर, आणि तेही हिशेबी दानावर. आधीच्या शतकांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी लेणी खोदायला पैसा दिला. पुढे शिलाहारांच्या काळातले लेख तर एखाद्या ट्रस्ट डीडसारखे वाटतात. नवव्या शतकातल्या एका लेखात बुद्धपूजेसाठी, विहाराच्या डागडुजीसाठी, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि चक्क पुस्तकांसाठी वेगवेगळी तरतूद सांगितली आहे. दुसऱ्या लेखात गौड देशातून, म्हणजे बंगालातून आलेल्या गोमिन अविघ्नाकर नावाच्या उपासकाने शंभर द्रम्म ठेव म्हणून दिले आहेत. मुद्दल तसंच राहायचं, खर्चायचं ते व्याज. अशा कायम ठेवीला जुन्या लेखांत 'अक्षयनीवी' म्हणतात. आपण फिक्स डिपॉझिट म्हणतो आणि उगाच आधुनिक असल्यासारखे वागतो.

नोकरीचं म्हणाल, तर ती प्रवेशाच्या दिवशीच ठरलेली. चीवर अंगावर घेतलं की तुम्ही भिक्षू. शिकून झाल्यावर बाहेर पडून काय करायचं, हा प्रश्नच नाही, कारण बाहेर पडायचंच नाही.

कान्हेरीहून खाली उतरून रेल्वे ओलांडली, पश्चिमेला आलं, की आयसी कॉलनी. (आयसी म्हणजे इमॅक्युलेट कन्सेप्शन. तिथे आयुष्य काढलेल्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं.) तिच्या शेजारी मंडपेश्वरचं लेणं आहे. मूळ शिवाचं, आठव्या शतकाच्या आसपासचं, आत नटराज आहे. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगिजांकडे गेली आणि फ्रान्सिस्कन संघाचे पाद्री इथे आले. त्यांचा म्होरक्या फ्रे अंतोनियो द पोर्तो. त्याने लेण्याचं चर्च केलं. त्याच्या माथ्यावर मठ आणि कॉलेज उभं राहिलं, राजाच्या पैशातून चालणारं म्हणून 'रॉयल कॉलेज'. त्याचे भग्न अवशेष अजून लेण्याच्या डोक्यावर उभे आहेत.

तिथे शिकायला कोण? तर स्थानिक, नव्याने ख्रिस्ती झालेल्या घरांतली मुलं. आता यातला जबरदस्तीचा भाग लपवण्यात अर्थ नाही. देवाची मूर्ती असलेल्या गुहेत भिंत घालून तिचं चर्च करणं हा काही प्रेमळ व्यवहार नव्हे. पण आपला नियम इथेही लागू पडतो. पैसा राजाचा, त्यामुळे नोकरी राजाच्या धर्माची. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली, राजा गेला, पैसा आटला, कॉलेजही संपलं. कान्हेरीला हजार वर्षं मिळाली कारण तिथे देणारे अनेक होते. मंडपेश्वरला दोनशेही मिळाली नाहीत, कारण देणारा एक होता. सर्व्हर एकच ठेवला की काय होतं हे आमच्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

मग इंग्रज आले आणि त्यांनी विद्यापीठ काढलं. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. इंग्लंडात ऑक्सफर्ड-केंब्रिजचा सगळा डोलाराच मुळी धर्मशास्त्रावर उभा होता. मग इथे तो विषय का नाही? याचं उत्तर १८५४ च्या वूडच्या खलित्यात आहे. इथल्या विद्यापीठांच्या पदवी परीक्षांत धार्मिक श्रद्धेशी संबंधित कोणताही विषय असणार नाही, असं त्यात स्पष्ट ठरवून टाकलं होतं. नमुना घेतला तो लंडन विद्यापीठाचा, ऑक्सफर्डचा नव्हे. इतक्या धर्मांच्या देशात सरकारी शिक्का मारून धर्म शिकवायला गेलो तर काय आग लागेल, याचा अंदाज साहेबाला होता.

निर्णय शहाणपणाचा होता, यात शंका नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की धर्माचा अभ्यास विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर, आपापल्या जातीजमातीच्या अंगणात राहिला. विद्यापीठात तो शिरला तो मागच्या दाराने, भाषेच्या नावाखाली. संस्कृत शिकताय? मग उपनिषदं आलीच. अवेस्ता घेतलीत? झरथुष्ट्राच्या गाथा आल्या. अरबी घेतलीत तर कुराण टाळणार कसं? पदवी भाषेची, आणि वाचायचा धर्म. ही पळवाट आजतागायत चालू आहे.

आता जरा उपनगरं सोडून दक्षिणेला, परळकडे जावं लागेल, कारण नियम मोडणारा पहिला माणूस तिथे भेटतो.

विठ्ठल रामजी शिंदे. जन्म १८७३, जमखंडी. वारकरी वळणाचं मराठा घर, परिस्थिती बेताची. फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. झाले तेही सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. कायद्याचा अभ्यास सुरू केला होता, म्हणजे 'स्कोप' समोर उभा होता. तो अर्धवट सोडून हा माणूस १९०१ मध्ये गेला ऑक्सफर्डला, आणि विषय काय घेतला? धर्म! ब्रिटिश अँड फॉरिन युनिटेरियन असोसिएशन नावाची संस्था होती, तिची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेज होतं मँचेस्टर कॉलेज.

या कॉलेजाची गोष्ट मोठी मजेची आहे. नाव मँचेस्टर, पत्ता ऑक्सफर्ड. इंग्लंडच्या अधिकृत चर्चशी न पटणाऱ्या लोकांना १८७१ च्या कायद्याने अडथळे दूर होईपर्यंत ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये बरोबरीचं स्थान नव्हतं. म्हणून अशा लोकांनी १७८६ मध्ये मँचेस्टरला स्वतःचं कॉलेज काढलं, आणि ते फिरत फिरत १८८९ मध्ये ऑक्सफर्डला आलं. ऑक्सफर्डात असूनही तेव्हा ते विद्यापीठाचा भाग नव्हतं. तो मान त्याला मिळाला १९९६ साली! तिथे धर्म शिकायला कुठल्याही पंथाची शपथ घ्यावी लागत नसे. बायबल जसं अभ्यासायचं तसाच बौद्ध धर्म अभ्यासायचा. जे. एस्टलिन कार्पेंटर हे तिथले प्राध्यापक तुलनात्मक धर्माचे मोठे अभ्यासक होते आणि पाली ग्रंथांचे संपादकही.

शिंदे तिथे दोन वर्षं शिकले. पण पुस्तकांइतकंच त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली : हे युनिटेरियन लोक शहरांतल्या गरीब वस्त्यांत जाऊन करत असलेलं काम. १९०३ मध्ये परत आले ते मुंबईच्या प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून. इथपर्यंत नियम अगदी बरोबर चाललाय. उदारमतवादी धर्माच्या लोकांनी पैसा दिला आणि उदारमतवादी धर्माचा प्रचारक तयार झाला. आठवड्याला उपासना चालवा, व्याख्यानं द्या, समाजाच्या पत्रात लिहा. सुखाची नोकरी होती.

पण १८ ऑक्टोबर १९०६ ला त्यांनी परळला अस्पृश्य मुलांसाठी शाळा उघडली आणि 'निराश्रित साहाय्यकारी मंडळी' म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू झालं. अध्यक्ष सर नारायण चंदावरकर, सेक्रेटरी शिंदे. भाषणं देऊन ते घरी गेले नाहीत. आईवडील, बायकामुलं, बहीण जनाक्का, सगळं घरच या कामात ओढलं गेलं. १९०५-०६ सालच्या मुंबईत मराठा घराने हे करणं म्हणजे काय, हे आज कल्पनेनेच ताडायचं. १९१० मध्ये प्रार्थना समाजाशी मतभेद होऊन ती नोकरी सुटली. मिशन मात्र सुटलं नाही. पुढे ते काम पुण्याला वाढलं, १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला त्यामागे त्यांची खटपट होती, १९३० च्या कायदेभंगात ते तुरुंगात गेले, आणि १९३३ मध्ये 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ आला. तो वाचताना जाणवतं की हे लिहिणारा माणूस धर्म शिकलेला आहे. अस्पृश्यता वाईट आहे एवढं म्हणून ते थांबत नाहीत. ती कुठून आली, कशी पसरली, याचा माग घेतात. ऑक्सफर्डच्या अभ्यासाची फळं ही अशी परळच्या चाळीत आणि पुण्याच्या पेठेत दिसली. १९४४ मध्ये ते गेले. 'करिअर' या शब्दाला शोभेल असं त्यांच्या आयुष्यात काहीच नाही, आणि तरी मराठी माणसाने धर्म शिकून केलेलं इतकं मोठं काम मला दुसरं चटकन आठवत नाही.

दुसरा माणूस धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६, गोव्यातलं साखवाळ. शालेय शिक्षण यथातथाच. बुद्धाबद्दल वाचलं आणि १८९९ मध्ये घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, आणि १९०२ मध्ये थेट सिलोन. तिथे पाली शिकले. घरी बायको आणि लहान मुलगी होती, हेही विसरू नये. ज्ञानाच्या यात्रांचं बिल बहुतेक वेळा घरातल्या बाईने भरलेलं असतं. पुढे कलकत्त्याला पाली शिकवायची नोकरी मिळाली, स्थिरस्थावर व्हायची वेळ आली. तेव्हा त्यांनी काय केलं? ती सोडून सयाजीरावांचे महिना ५० रुपये पत्करले. अट एवढीच, की महाराष्ट्रात कुठेही राहा आणि वर्षाला एक पुस्तक लिहा.

ही अट पुन्हा एकदा वाचा. अमुक धर्माचं गोडवं गा, असं नाही. बडोद्याला येऊन हजेरी लावा, असंही नाही. राहा कुठेही, आणि लिहा. शिंद्यांच्या बी.ए.लाही हाच माणूस, कोसंबींनाही हाच, आंबेडकरांना कोलंबियाला पाठवणाराही हाच. याच सयाजीरावांच्या बडोदा कॉलेजात पुढे धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासासाठी प्राध्यापक नेमला गेला. सैल अट घालणारा देणारा भेटला की नियम मोडायला जागा मिळते, ती अशी.

कोसंबी १९१० मध्ये हार्वर्डला गेले, परत आले, फर्ग्युसनमध्ये पाली शिकवू लागले. डॉ. भांडारकरांच्या मदतीने मुंबई विद्यापीठात पालीचा शिरकाव झाला. म्हणजे पुन्हा तीच भाषेची पळवाट! पण या पळवाटेतून पुढे किती माणसं गेली पाहा. १९५६ मध्ये आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला, आणि ज्या घरांना पिढ्यान् पिढ्या धर्मग्रंथाला हात लावू दिला नव्हता त्या घरांतली मुलं पाली घेऊन बी.ए., एम.ए. करू लागली. मुंबई विद्यापीठात पालीचा विभागच आहे. त्यांच्या पुढच्या वाटा मात्र खडतर. २०१३ मध्ये यूपीएससीच्या ऐच्छिक विषयांतून पाली काढून टाकली गेली, त्यामुळे एक दार बंद झालं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीबरोबरच पाली आणि प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. पेढे आपण मराठीचे वाटले. नोकऱ्या किती निघतात, ते बघायचं.

चला, परत लोकल पकडून उपनगरांत येऊ. विसाव्या शतकात इथे जी अंगणं उभी राहिली, ती आपला नियम तंतोतंत पाळतात.

अंधेरीत पारशांची एम. एफ. कामा अथोरनान इन्स्टिट्यूट होती. मोबेदांच्या घरातली मुलं इथे राहायची, शाळेच्या अभ्यासाबरोबर अवेस्तातल्या प्रार्थना मुखोद्गत करायची. नावर झाले, मरातब झाले की धर्मगुरू. फिरोज कोटवाल यांच्यासारखे विद्वान दस्तूर, ज्यांनी लंडनला पीएच.डी. केली, ते या संस्थेचे प्रिन्सिपल होते. पण अग्यारीच्या तुटपुंज्या मिळकतीपुढे बँकेचा पगार मोठा दिसायला लागला, आणि मोबेदांची मुलं दुसरीकडे वळली. बऱ्याच जणांचा धर्म अर्धवेळ झाला.

गोरेगाव पूर्वेला आरे रोडवर सेंट पायस कॉलेज आहे, मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांताची सेमिनरी. १९८३ च्या चर्चच्या कायद्याप्रमाणे पाद्री व्हायला किमान दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं धर्मशास्त्र शिकावं लागतं. म्हणजे आमच्या इंजिनीअरिंगपेक्षा दोन वर्षं जास्त! खर्च धर्मप्रांताचा, नोकरी धर्मप्रांताची, बदलीही त्यांच्याच हुकमाने. पण त्या चौकटीतही जागा काढता येते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो घ्या. पाद्री तर होतेच, पण 'सुवार्ता'चे संपादक झाले, हरित वसईच्या लढ्यात बिल्डरांसमोर उभे राहिले, 'सुबोध बायबल' लिहिलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले.

पवईला स्वामी चिन्मयानंदांनी १९६३ मध्ये सांदीपनी साधनालय काढलं. पदवीधर मुलंमुली तिथे राहून वेदान्त शिकतात आणि मग मिशनच्या केंद्रांवर शिकवायला जातात. मरोळला दाऊदी बोहऱ्यांच्या अल जामिया तुस सैफियाचा कॅम्पस आहे, २०२३ च्या फेब्रुवारीत त्याचं उद्घाटन झालं. तिथून शिकलेले गावोगावच्या जमातींचे आमिल होतात, शिक्षक होतात. मुलुंड-घाटकोपरच्या देरासरांत साधू-साध्वींना प्राकृत शिकवणारे पंडितजी असतात. कॅम्पस प्लेसमेंट शंभर टक्के आहे हो या सगळीकडे! फक्त एकच अट. त्या घरात जन्मलेलं असावं लागतं, किंवा निदान त्या घराचं व्हावं लागतं. आणि सव्विसाव्या वर्षी मन बदललं, तर बाहेरच्या जगात या विद्येची किंमत फारशी होत नाही. म्हणूनच सेमिनरीतली बरीच मुलं जोडीला एखादी साधी बी.ए.ही करून ठेवतात. शहाणी मुलं.

राहता राहिलं विद्याविहार. सोमय्यांच्या आवारात बौद्ध, जैन, हिंदू, ख्रिस्ती असे अभ्यासक्रम बाहेरच्या कुणालाही घेता येतात. २०१९ पासून ते स्वतंत्र विद्यापीठ आहे. जन्म विचारत नाहीत, दीक्षा मागत नाहीत. १८५४ च्या खलित्याने बंद केलेलं पुढचं दार इतक्या वर्षांनी खाजगी विद्यापीठाने किलकिलं केलंय म्हणा. इथे पैसा कोण देतं? शिकणारा स्वतः. म्हणून अशा मोकळ्या अभ्यासाकडे वळतात ते बहुतेक पोटाची सोय झालेले : निवृत्त बँक ऑफिसर, डॉक्टर, शिक्षिका, आणि आमच्यासारखे वीकेंडला ग्रंथ उघडणारे कोडिंग कामगार. नियम इथेही मोडत नाही. पैसा आपला, म्हणून नोकरीही आपली जुनीच.

म्हणजे आज चित्र असं आहे. जिथे धर्म शिकून पोट भरतं, तिथे दारावर जात-जमातीची पाटी आहे. जिथे पाटी नाही, तिथे आधीच भरलेलं पोट घेऊन यावं लागतं. दोन्ही बाजूंना माणसं चांगली आहेत, अभ्यास मनापासून करतात, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण मधली जागा रिकामी आहे, आणि शिंदे नेमके त्या मधल्या जागेतून आले होते. पाठीशी मठ नाही, खिशात पैसा नाही, आणि धर्म जाणून घ्यायची भूक मात्र मोठी.

धर्मावरून रोज भांडणाऱ्या देशात धर्म नीट शिकलेली, कुणाची बांधील नसलेली माणसं लागतील की नाही? मला वाटतं लागतील. पेपरांना लागतील, कोर्टांना लागतील, दंगलीनंतर शांतता समितीत बसायला लागतील, पाठ्यपुस्तकं लिहायला तर फारच लागतील. तेव्हा घाटकोपरच्या त्या मुलीला स्कोप आहे की नाही, हा प्रश्न बाबांनी तिला विचारून उपयोग नाही. तिला ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती किंवा महिना पन्नास रुपये, आणि सोबत एकच सैल अट, असं कोण देणार, ते आपण एकमेकांना विचारायला हवं. महाराजांची संस्थानं गेली. पण त्यांच्यापेक्षा मोठे पगार आणि मोठ्या कंपन्या आज याच उपनगरांत आहेत.

असो. लेख लांबला. या रविवारी जमलं तर कान्हेरीला जाऊन या. चैत्यात फोटो काढाच, पण भिंतीवरचे लेखही बघा. वाचता आले नाहीत तरी चालेल. कुणीतरी, अनोळखी मुलांच्या वस्त्रांसाठी आणि पुस्तकांसाठी, हजार वर्षांपूर्वी तिथे पैसे ठेवून गेलंय.